तीन तुकड्यांचं चाक आणि बोटभर सीलंट

ज्यांच्या घरी बजाज चेतक होती, त्यांना पंक्चरवाल्याची एक सवय आठवत असेल. चाक काढल्यावर तो आधी व्हॉल्व्हमधली सुई दाबून उरलीसुरली हवा सोडायचा आणि मगच रिमच्या नटांना पाना लावायचा. नट सुटले की रिमचे दोन भाग सरळ वेगळे व्हायचे. पाठीला पाठ लावून ठेवलेल्या पत्र्याच्या दोन ताटल्याच त्या. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून तीन दशकांहून अधिक काळ बाहेर पडलेल्या या स्कूटरमुळे जोडाचं चाक आपल्याकडे घरोघरी पोचलं. त्या जोडातून हवा कधी गळत नसे, कारण हवा जोडापाशी यायचीच नाही. ती ट्यूबमध्ये असायची.

मोटारीच्या तीन तुकड्यांच्या अलॉय चाकांत ही सोय नाही. टायर ट्यूबलेस, त्यामुळे रिम हीच हवेची भिंत, आणि त्या भिंतीला मधोमध जोड. तो जोड कशाने बुजवायचा, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. दुकानात सिलिकॉनच्या डझनभर ट्यूबा लटकत असतात, त्यातली कुठलीही चालेल असं वाटतं. चुकीची निवडली तर मात्र चाक दर आठवड्याला हवा मागतं, किंवा वर्ष-दोन वर्षांत जोडाखालचं ॲल्युमिनियम पांढरं पडून सोलायला लागतं.

आधी चाकाची रचना पाहू. मधे आरे असलेला भाग, त्याला सेंटर म्हणतात. बाहेरच्या बाजूला चकचकीत कड, म्हणजे लिप. आतल्या बाजूला ब्रेकवरून जाणारा खोल डबा, तो बॅरल. हे तिन्ही बोल्टांच्या गोल रांगेने एकमेकांना आवळलेले असतात. ही पद्धत शर्यतींतून आली. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिल्टाख गावी 1970 मध्ये सुरू झालेल्या बीबीएस या कंपनीने ती गाजवली. कंपनीच्या नावातला शेवटचा ‘एस’ त्या गावाचाच. शर्यतीच्या संघाला यात दोन फायदे होते. रुंद टायर बसवायचा तर सेंटर तेच ठेवून फक्त लिप बदलायची, आणि कड ठेचली गेली तर तेवढाच तुकडा टाकायचा. 1983 मध्ये आलेल्या बीबीएस आरएस या चाकाने ही रचना रस्त्यावरच्या गाड्यांत लोकप्रिय केली. जपानच्या वर्क आणि एसएसआर या कंपन्यांची तीन तुकड्यांची चाकंही जगभर जुन्या बाजारात फिरतात. अशी चाकं हातात येतात ती बहुधा वीस-तीस वर्षं जुनी, कधीतरी कुणीतरी उघडलेली आणि आत कसलं सीलंट आहे याचा पत्ता नसलेली.

सीलंट निवडण्याआधी त्याचं काम नेमकं किती, हे ठरवायला हवं. बरेच जण इथेच घसरतात. ‘मजबूत’ सीलंट शोधतात, जणू ते चाक धरून ठेवणार आहे. एक ढोबळ हिशोब करून पाहू. 205/55 आर 16 टायर घ्या, हवा 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. टायरची बाजू आणि लिप यांच्यावर पडणारा हा दाब लिपला बाहेर ढकलतो. क्षेत्रफळाने गुणलं तर तो जोर दोन टनांच्या घरात जातो. गाडी उभी असताना, नुसत्या हवेचा. हा भार बोल्टच उचलतात. सात मिलिमीटरचा एक चांगला बोल्ट नीट आवळला की एकटाच टनापेक्षा जास्त जोराने दोन पृष्ठभाग दाबून धरतो, आणि असे वीस-तीस बोल्ट असतात. या हिशोबात सीलंटचा वाटा शून्य. त्याने फक्त हवा अडवायची.

म्हणून सीलंट जोडाच्या दोन पृष्ठभागांमध्ये भरायचं नसतं. सँडविचला लोणी लावल्यासारखं लावलं की जास्त हवाबंद होईल असं वाटतं खरं, पण आवळलेल्या बोल्टचं गणित तसं चालत नाही. सात मिलिमीटर जाडीचा, वीसेक मिलिमीटर पकडीचा बोल्ट पूर्ण आवळला तरी मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतका ताणला जातो. सगळी पकड त्या केसाएवढ्या ताणात साठलेली असते. आता दोन धातूंच्या मधे रबरासारखा थर आहे आणि गाडी चालताना, ब्रेकच्या उष्णतेने तो दबून थोडा पातळ झाला असं समजा. तेवढ्यानेच बोल्टची अर्धी पकड निघून जाते. पाना कुणी फिरवला नाही, तरी बोल्ट सैल. पावडर कोटिंगचंही तेच. हौसेने सेंटरला रंग चढवताना जोडाच्या जागा झाकल्या नाहीत, तर रंगाचा थर हळूहळू दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. जोडात धातूला धातूच टेकला पाहिजे.

मग सीलंट लावायचं कुठे? तिन्ही तुकडे आवळून झाले की चाकाच्या आतल्या परिघावर, जिथे टायर बसल्यावर हवा असणार त्या बाजूला, जोडाची गोल रेघ दिसते. तिच्यावरून सलग एक पट्टा ओढायचा, दोन्हीकडच्या धातूला पकडणारा. टायरमध्ये हवा भरली की हवाच त्या पट्ट्याला फटीवर दाबते. पाण्याच्या टाकीला आतून प्लास्टर करतात, त्यातला हाच हिशोब. काही चाकांत कंपनीने खाच कोरून रबरी ओ-रिंग दिलेली असते. तिथे त्याच मापाची नवी ओ-रिंग घालावी, सीलंटने तिची जागा घेऊ नये.

या जागेला सीलंटकडून काय हवं? ॲल्युमिनियमला घट्ट चिकटणं आणि त्याला खाऊन न टाकणं. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा किंचित वाकतं, त्याच्याबरोबर हलण्याइतकी लवचीकता. ब्रेकची ऊब सोसणं. आणखी एक गोष्ट, जी टायर बसवणाऱ्यालाच आठवते: हा पट्टा रिमच्या मधल्या खोलगट भागात असतो, आणि टायर चढवताना-उतरवताना टायरची तारेची कड नेमकी तिथूनच सरकते. म्हणजे थोडंफार घासणंही सोसायला हवं. वर, पाच वर्षांनी चाक पुन्हा उघडायचं झालं तर ते निघालंही पाहिजे.

घरात हाताशी असतात ती एम-सील किंवा अराल्डाइट. दोन्ही एपॉक्सी, सुकल्यावर दगडासारखी. नळाच्या गळतीला उत्तम, पण हलत्या जोडावर कडक माल टिकत नाही, एका टोकाला चीर पडते आणि हवा तिथून वाट काढते. त्यांचा विचार इथेच सोडून द्यावा. इंजिनच्या फ्लँजला लावतात ते ॲनेरोबिक सीलंटही नको. ते हवा नसलेल्या, दोन धातूंमध्ये आवळलेल्या जागीच सुकतं, उघड्या पट्ट्याचा भाग ओलाच राहतो. टायरमध्ये ओततात त्या पंक्चर-रोधक द्रवाने जोडाची गळती काही दिवस लपते, पण पुढे रिम साफ करणाऱ्याला तो चिकट राडा निस्तरावा लागतो.

खरी निवड सिलिकॉन, पॉलियुरेथेन आणि त्यांच्यामधल्या एमएस पॉलिमर या तिघांत आहे.

सिलिकॉनवर थोडं जास्त थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गॅरेजमध्ये ज्याला आरटीव्ही म्हणतात ते हेच, खोलीच्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारं रबर. घट्ट होताना त्यातून एक उपपदार्थ बाहेर पडतो आणि तो कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. बाथरूमच्या टाइल्सना, काचेला लावायच्या स्वस्त सिलिकॉनमधून ॲसेटिक आम्ल निघतं. ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, की ते ॲसिटॉक्सी समजावं. काचेला त्याचं काही वाटत नाही. ॲल्युमिनियमवर मात्र ते आम्ल पट्ट्याखाली कोंडून बसतं, धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर खातं आणि आपण ज्या पृष्ठभागावर चिकटवलं तोच पोखरतं. शर्यतीच्या काही चाकांचं सेंटर मॅग्नेशियमचं असतं, तिथे तर हा उघड घात आहे.

त्याऐवजी ज्यावर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं असतं ते घ्यावं. त्यातही दोन घराणी आहेत. एकातून ऑक्झाइम निघतं, दुसऱ्यातून अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल. ऑक्झाइमवालं ॲल्युमिनियमला बाधत नाही, तांब्या-पितळेला मात्र काळवंडवू शकतं. त्यात बहुधा वापरलं जाणारं रसायन युरोपीय संघाने 2022 पासून कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गात टाकलं आहे, म्हणून बंद खोलीत त्याचा वास घेत बसू नये. अल्कोहोलवाल्याला अल्कॉक्सी म्हणतात. धातूला अपाय न करणाऱ्या सिलिकॉनसाठी अमेरिकी सैन्याचं एमआयएल-ए-46146 नावाचं जुनं मानक आहे. तो क्रमांक माहितीपत्रकात दिसला, तर धातूच्या गंजाची चिंता मिटली असं समजावं.

सिलिकॉनचं मोठं बळ उष्णतेत आहे. 200 अंश सेल्सिअसलाही ते मऊ पडत नाही. दुसरं बळ असं की ते वर्षानुवर्षं लवचीक राहतं. त्याच्या दोन उणिवा मात्र आधीच जाणून घ्याव्यात. पहिली म्हणजे ते फाटायला सोपं आहे. टायर काढताना लिव्हरचं टोक लागलं की तुकडा निघतो. दुसरी उणीव अधिक त्रासाची: सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट नाही. जुना डाग उरला की नवा पट्टा तिथे सुटतो, रंग लावला तर माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

रबराची माहिती असलेल्या वाचकाला इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. वायू अडवण्यात सिलिकॉन फार कच्चं. टायरच्या आतला अस्तराचा थर ब्युटिल रबराचा असतो, आणि सिलिकॉनमधून त्याच्या शेकडो पट वेगाने हवा झिरपते. मग ते इथे कसं चालतं? कारण त्याला अडवायची जागा इवलीशी आहे. धातूला धातू टेकलेला असताना फट केसाहून बारीक उरते, आणि वरचा पट्टा काही मिलिमीटर जाड असतो. तेवढ्यातून झिरपणारी हवा टायर स्वतः महिन्याला जे एक-दोन पीएसआय गमावतो त्याच्यापुढे मोठी नाही. मात्र जोड वेडावाकडा, फट रुंद आणि त्यावर पातळ पट्टा असेल, तर हे गणित बिघडतं.

पॉलियुरेथेन म्हणजे गाडीची पुढची काच ज्याने चिकटवतात तो काळा माल. चिवट, घासलं तरी न फाटणारा, ॲल्युमिनियमला घट्ट बसणारा. रोज शहरात फिरणाऱ्या गाडीला तो चांगला चालतो आणि अनेक अनुभवी कारागीर तोच वापरतात. त्याची मर्यादा उष्णतेची. सतत 90 अंशांच्या वर तो म्हातारा होऊ लागतो, म्हणून घाटात किंवा ट्रॅकवर ब्रेक तापवणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. काढतानाही तो घाम फोडतो. शिवाय ओलावा फार असेल तर घट्ट होताना त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटून आत बुडबुडे राहतात. कोकणात आषाढात हे काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

एमएस पॉलिमर जपानच्या कानेका कंपनीने आणला. वास कमी, बुडबुडे नाहीत, वर रंग बसतो, धातूला अपाय नाही. उष्णतेत मात्र तो पॉलियुरेथेनच्याच पंगतीत बसतो.

मला विचाराल तर जोराने चालवायच्या किंवा जुन्या, मोलाच्या चाकांना अल्कॉक्सी सिलिकॉन. रोजच्या गाडीला, जिचे टायर वारंवार निघतात, पॉलियुरेथेन. चाक बनवणाऱ्या कंपनीची सूचना हाती असेल, तर माझं मत बाजूला ठेवून तीच पाळावी.

निवड झाली तरी काम अजून सुरूच व्हायचं आहे, आणि खरं यश साफसफाईत आहे. जुना माल प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावा. तारेचा ब्रश जोडाच्या पृष्ठभागावर फिरवू नये, त्याने पडलेले ओरखडे हवेला वाट देतात. पट्टा जिथे बसणार तेवढीच जागा नव्या घासणीने हलकी खरखरीत करावी, कारण आरशासारख्या पॉलिशवर पकड कमी मिळते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. एका फडक्याने ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त जागा बदलतं. पेट्रोल आणि रॉकेल तर वापरूच नये, दोन्ही मागे तेलकट थर ठेवतात.

तुकडे कोरडेच जुळवावेत. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांत, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. या बोल्टांचा टॉर्क गाडीला चाक लावायच्या नटांपेक्षा बराच कमी असतो. सवयीच्या हाताने जोर केला तर ते ताणून तुटतात. आकडा चाकाच्या कंपनीचाच घ्यावा, आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावायचं की कोरडे ठेवायचे हेही तिचंच ऐकावं. वंगण लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला खूप जास्त आवळला जातो. जुने, गंजलेले बोल्ट परत वापरू नयेत.

आता पट्टा. ट्यूबचं तोंड तिरकं कापावं आणि चाक फिरवत, हात न थांबवता, सहा ते आठ मिलिमीटर रुंद पट्टा एका दमात पूर्ण करावा. सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे तो दोन बोटांइतका एकावर एक चढवावा. साल धरायच्या आत, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, हातमोजा घातलेल्या बोटाने तो फटीत दाबून दोन्ही कडांना पसरवावा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून गुळगुळीत करायची पद्धत खिडकीला ठीक. इथे ते पाणी पट्ट्याच्या खाली गेलं, तर चिकटायचं राहून जाईल.

मग थांबायचं. वरून सुकलेलं दिसणं आणि आतून घट्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओलावा बाहेरून आत जातो आणि दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत काम होतं. जाड पट्ट्याला तीन दिवस द्यावेत. एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आणखी एक, किंवा खोलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवावं. हीटरने घाई करू नये, त्याने उलट हवा कोरडी पडते. घाईने त्याच संध्याकाळी टायर चढवला की कड पट्ट्यावरून सरकते आणि कच्चा माल ओरबाडून नेते. परत सगळं खरवडण्यापासून सुरुवात.

तपासणी पंक्चरवाल्याच्याच पद्धतीने करावी. हवा भरून चाक पाण्याच्या टाकीत बुडवावं, किंवा जोडाच्या बाहेरच्या रेघेवर साबणाचा फेस ब्रशने लावावा. जोडावर बुडबुडा दिसला म्हणून लगेच जोडालाच दोष देऊ नये. आतली हवा व्हॉल्व्हच्या बुडातून किंवा टायरच्या कडेतून निघून रेघेपाशी येऊ शकते, म्हणून त्या दोन्ही जागाही पाहाव्यात. नंतर आठवडाभर दाब मोजावा, तोही रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब दीड पीएसआयने उतरतो. दुपारी 34 भरून पहाटे 32 दिसले तर ती गळती नव्हे, पुण्याची थंडी असते.

गळती खरीच निघाली आणि बोल्ट तपासायचे ठरले, तर चेतकच्या त्या पंक्चरवाल्याचा क्रम मोडू नये. आधी व्हॉल्व्हची सुई बाहेर, हवा पूर्ण शून्य, टायरची कड रिमवरून सुटलेली, आणि मगच पाना. भरलेल्या टायरवर हे बोल्ट सैल करणं म्हणजे दोन टनांचा जोर स्वतःच्या तोंडासमोर मोकळा सोडणं. ट्रकच्या रिंगवाल्या चाकांनी अशी माणसं मारली, म्हणून अमेरिकेत 1980 मध्ये अशा चाकांच्या कामासाठी पिंजरा आणि प्रशिक्षण कायद्याने सक्तीचं झालं. मोटारीचं चाक लहान असलं तरी आतली हवा तशीच दाबलेली असते.

काम फत्ते झालं की एक करा. बॅरलच्या आतल्या बाजूला, ब्रेककडे, पक्क्या मार्करने सीलंटचं नाव, ते सिलिकॉन की पॉलियुरेथेन, आणि तारीख लिहून ठेवा. दहा वर्षांनी ते चाक ज्याच्या हाती येईल, त्याला आत काय आहे हे खरवडायच्या आधी कळेल.